शब्दांचा दुसरा अर्थ : मुलांना अलंकार शिकवितांना

सहावी-सातवीच्या वर्गांत भाषेच्या तासाला अलंकारांचा पाठ येतो, तेव्हां बहुधा फळ्यावर प्रथम व्याख्या येते, मग एक उदाहरण येतें, आणि त्यानंतर उपमेय, उपमान, साधर्म्य व साधर्म्यवाचक शब्द अशी चार घरांची चौकट आंखली जाते. मुलें ती चौकट वहींत उतरून घेतात, परीक्षेपूर्वीं पाठ करतात आणि परीक्षा संपतांच विसरून जातात. यांत मुलांचा दोष थोडा आहे. ज्या गोष्टीची गरज त्यांना कधीं भासलीच नाहीं, तिची व्याख्या त्यांनीं किती दिवस सांभाळावी? वस्तुतः हींच मुलें तासाची घंटा झाल्याबरोबर अलंकारांनीं गजबजलेली भाषा बोलूं लागतात. मधल्या सुटीपूर्वीं त्यांच्या पोटांत कावळे ओरडतात, गणिताची प्रश्नपत्रिका पाहून त्यांच्या तोंडचें पाणी पळतें, आणि शेजारच्या तुकडीकडून सामना हरला म्हणजे साऱ्या वर्गाचें नाक कापलें जातें. जें मुलांच्या जिभेवर सदैव आहे, तेंच पुस्तकांत भेटल्यावर त्यांना परकें वाटतें, याचा अर्थ इतकाच कीं, पुस्तकांतील अलंकार आणि जिभेवरचे अलंकार हे एकच आहेत, हें त्यांना कोणी दाखवून दिलेलें नाहीं.

अलंकार या शब्दानेंहि थोडा घोटाळा केला आहे. अलंकार म्हणजे दागिना. आणि दागिना अंगावर चढवितां येतो तसा उतरवूनहि ठेवतां येतो. त्यामुळें साधें बोलणें हें मूळ, आणि त्यावर कवीनें हौसेनें घातलेले दागिने म्हणजे अलंकार, अशी समजूत मुलांच्या मनांत सहजच रुजते. पण भाषेकडे नीट पाहिलें तर दागिना आणि अंग यांची अशी फारकत करतां येत नाहीं. डोंगराला माथा असतो, कूस असते, सोंड असते आणि पायथा असतो. विहिरीला तोंड असतें, खुर्चीला पाय आणि पाठ असते, उसाच्या कांडीला व नारळाला डोळे असतात. हे शब्द बोलतांना आपण कवित्व करीत आहों असें कोणासहि वाटत नाहीं. परंतु माणसाच्या आणि जनावरांच्या देहावरून निर्जीव वस्तूंना नांवें देणारी ती पहिली दृष्टि कवीचीच होती. ती नांवें वापरून इतकीं गुळगुळीत झालीं कीं, त्यांतील तुलना आतां कोणाच्या डोळ्यांना टोचत नाहीं. अलंकारांचा पहिला पाठ अशा शब्दांपासून सुरू झाला, तर मुलांना ओळखीच्या घरांतच नवी खोली सांपडल्याचा आनंद होतो.

या विषयाचें शास्त्र आपल्याकडे फार जुनें आहे. भरताच्या नाट्यशास्त्रांत अलंकार चारच सांगितले आहेत: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. पुढें ही संख्या वाढत गेली आणि सोळाव्या शतकांतील अप्पय्य दीक्षितांच्या ‘कुवलयानंद’ ग्रंथांत ती शंभराच्या वर गेली. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला या शंभरांची गरज नाहीं. त्याला उपयोगी पडेल असें खरें सूत्र निराळ्याच ठिकाणीं, शब्दशक्तींच्या विवेचनांत आहे. शब्दाचा सरळ अर्थ सांगणारी ती अभिधा. सरळ अर्थ अडला असतां त्याच्याशीं संबंध असलेला दुसरा अर्थ देणारी ती लक्षणा. आणि या दोहोंच्या पलीकडचें सुचविणारी ती व्यंजना. अकराव्या शतकांत काश्मीरमध्यें होऊन गेलेल्या मम्मटानें ‘काव्यप्रकाश’ ग्रंथांत लक्षणेच्या तीन अटी सांगितल्या आहेत. मुख्य अर्थाला बाध आला पाहिजे. नव्या अर्थाचा त्या मुख्य अर्थाशीं कांहीं संबंध पाहिजे. आणि असें बोलण्यामागें एक तर रूढि पाहिजे, नाहीं तर कांहीं प्रयोजन पाहिजे. गंगेवर गवळ्यांची वस्ती आहे, हें शास्त्रकारांचें आवडतें उदाहरण. वाहत्या पाण्यावर वस्ती होऊं शकत नाहीं, म्हणून अर्थ अडला; पाण्याला लागून तीर आहे, म्हणून तीर हा अर्थ घेतला; आणि नुसतें ‘तीरावर’ न म्हणतां ‘गंगेवर’ म्हटल्यानें त्या वस्तीचा गारवा व पावित्र्य मनांत उतरलें, हें प्रयोजन.

ह्या तीन अटी म्हणजे शिक्षकाच्या हातांत आयते आलेले तीन प्रश्न आहेत. अर्थ कोठें अडला? तो कशाशीं जोडला? आणि असें कां म्हटलें? ‘आत्या म्हणजे आमच्या घराचा खांब’ हें वाक्य घ्यावें. माणूस खांब असूं शकत नाहीं, येथें अर्थ अडला. खांब भार पेलतो, जागचा हालत नाहीं, आणि घरांत वावरणाऱ्यांचें त्याच्याकडे फारसें लक्षहि जात नाहीं. आत्याचेंहि तसेंच आहे, येथें अर्थ जोडला. आतां तिसरा प्रश्न. ‘आत्या घर सांभाळते’ असें म्हटलें असतें तर माहिती तीच मिळाली असती. पण ती नसती तर काय कोसळलें असतें, हें त्या वाक्यानें सांगितलें नसतें. हा तिसरा प्रश्न बहुतेक वर्गांत विचारलाच जात नाहीं. अलंकार ओळखा, या आज्ञेपाशीं पाठ थांबतो. परंतु ओळखणें ही फक्त दारावरची थाप आहे. आंत जाणें पुढेंच असतें.

मुलांच्या वयाचा विचारहि येथें करावयास हवा. एलन विनर, हॉवर्ड गार्डनर व त्यांच्या एका सहकाऱ्यानें अमेरिकेंत केलेला एक अभ्यास १९७६ सालीं प्रसिद्ध झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना त्यांनीं कांहीं वाक्यांचे अर्थ विचारले. बरींच वर्षें तुरुंगांत काम करून पहारेकरी एक कठीण खडक बनला होता, अशा आशयाचें त्यांतील एक वाक्य होतें. लहान मुलांपैकीं कांहींनीं जादूची गोष्ट रचली आणि पहारेकऱ्याचा खरोखरच दगड करून टाकला. कांहींनीं त्याला तुरुंगाच्या दगडी भिंतींजवळ नेऊन बसविलें. कांहींना त्याचें शरीर टणक झाल्यासारखें वाटलें. त्याचें मन कठोर झालें, हा अर्थ दहा वर्षांच्या आसपास आणि त्यापुढें स्पष्ट होत गेला. पुढील काळांतील संशोधनानें यांत एक महत्त्वाची भर घातली: वस्तु ओळखीची असेल आणि भोंवतीं गोष्टीचा आधार असेल, तर याहून लहान मुलेंहि अशीं वाक्यें समजूं शकतात. म्हणजे माध्यमिक शाळेच्या उंबरठ्यावरचें वय या शिक्षणाला अगदीं योग्य असतें. मात्र मुलानें चुकीचा अर्थ सांगितला, तर त्याची बुद्धि कमी आहे असें समजूं नये. ज्या वस्तूशीं तुलना केली आहे ती वस्तु त्याच्या अनुभवांत आहे काय, हें आधीं पाहावें.

हा अनुभवाचा प्रश्न शहरांतील घरांत विशेष तीव्र होतो. ज्ञानेश्वरी १२९० सालीं पूर्ण झाली. तिच्यांतील अवघड तत्त्वविचार दिवा, पाणी, सोनें आणि दागिने, आई आणि मूल अशा नित्याच्या वस्तूंच्या हातून श्रोत्यांपर्यंत पोंचविला आहे. जनाबाईच्या अभंगांत दळण-कांडण येतें. खानदेशांतील बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहितां-वाचतां येत नव्हतें. शेत, विहीर, सुगरणीचा खोपा, हींच त्यांची दृष्टान्तांची शाळा होती, आणि त्यांची गाणीं पुस्तकरूपानें १९५२ सालीं लोकांपुढें आलीं. या सर्वांनीं ऐकणाऱ्याच्या हाताशीं असलेली वस्तु उचलली. आज सातव्या मजल्यावर वाढणाऱ्या मुलीनें जातें पाहिलेलें नसतें; मोट तर तिच्या आईनेंहि पाहिलेली नसते. अशा मुलीपुढें जात्याचें रूपक ठेवावयाचें, तर आधीं जातें ठेविलें पाहिजे. निदान त्याचें चित्र, त्याच्या दोन तळ्या, मधला खुंटा आणि वरच्या तळीच्या तोंडांत पडणारी धान्याची मूठ हें तिला समजलें पाहिजे. खालची तळी स्थिर असते आणि वरची फिरते, इतकें समजलें कीं, पुढचा अर्थ ती स्वतःच काढते.

इंग्रजी माध्यमांत शिकणाऱ्या मुलांची अडचण आणखी निराळी आहे. त्यांना एका तासाला सिमिली व मेटाफर शिकवितात, दुसऱ्या तासाला उपमा व रूपक. आणि हे दोन स्वतंत्र विषय आहेत असें समजून तीं दोन्हीकडचें वेगवेगळें पाठ करतात. बर्फासारखें पांढरें, हें तीं निमूटपणें लिहितात; पण मुंबईच्या मुलाचा बर्फ शीतपेटींतला असतो आणि तो बहुधा पांढराहि नसतो, पारदर्शक असतो. बगळ्याच्या पंखासारखें, ताज्या खोबऱ्यासारखें, असें म्हटलें कीं, रंगाबरोबर त्याचा पोतहि मुलाच्या डोळ्यांपुढें येतो. दोन्ही भाषांतील उपमा शेजारीं ठेवून, ही कोणत्या हवेंतून आली असेल, असें विचारणें हा भाषेचा आणि भूगोलाचा एकत्रच पाठ होईल.

अलंकारांचे प्रकार शिकवितांना एकच कल्पना निरनिराळ्या रूपांत फिरवून दाखविणें सर्वांत सोयीचें. पावसाळी आभाळ ओल्या घोंगडीसारखें जड झालें आहे, ही उपमा; येथें दोन वस्तु वेगळ्या राहून शेजारीं उभ्या आहेत. आभाळ म्हणजे जणूं कोणी वाळत घातलेली ओली घोंगडीच, ही उत्प्रेक्षा. येथें एक दुसरी असल्याचा भास झाला, पण ‘जणूं’ या शब्दानें पाऊल किंचित् मागें ठेविलें. आभाळाची घोंगडी गांवावर पसरली, हें रूपक. येथें भेद मिटला. आणि आभाळ सकाळपासून रुसून बसलें आहे, ही चेतनगुणोक्ति. येथें घोंगडी गेली आणि आभाळाला माणसाचें मन मिळालें. या चार वाक्यांत जवळीक कशी बदलते, हें मुलांना पाहूं द्यावें. मग त्यांच्यापैकीं प्रत्येकानें आपली एक वस्तु, दप्तर, बस, जिना, पंखा, अशीच फिरवून पाहावी. असें एकदां हातानें करून पाहिलें म्हणजे व्याख्या मुलेंच सांगूं लागतात, आणि ती पुस्तकांतील व्याख्येहून फार दूर नसते.

याच्या उलट, शब्दावरून अलंकार शोधण्याची जी युक्ति परीक्षेसाठीं शिकविली जाते, ती पदोपदीं फसवते. ‘सारखा’ दिसला कीं उपमा, असें ठरवून बसलेला मुलगा ‘तो सारखा बडबडतो’ या वाक्यांतहि उपमा शोधूं लागतो. तेथें त्या शब्दाचा अर्थ ‘सतत’ एवढाच आहे. ‘धाकटा भाऊ थोरल्यासारखाच उंच आहे’ यांत तुलना आहे, पण अलंकार नाहीं. गवा गाईसारखा दिसतो, हें वाक्य गवा ओळखण्यास उपयोगी पडेल. परंतु अशा वाक्यांत चमत्कृति नसल्यामुळें शास्त्रकारांनीं तें उपमालंकारांत धरलेलें नाहीं. तुलनेंतील दोन वस्तु एरवीं दूरच्या असाव्या आणि एका क्षणांत जवळ याव्या, तेव्हां मनाला जो लहानसा धक्का बसतो, तोच अलंकाराची खूण होय. हा धक्का मुलाला जाणवला कीं नाहीं, हें शिक्षकाला त्याच्या चेहऱ्यावरून कळतें.

वर्गांत करतां येण्याजोगे प्रयोग साधे आहेत. एक कांदा टेबलावर ठेवावा आणि त्याच्याविषयीं जितक्या गोष्टी सांगतां येतील तितक्या फळ्यावर लिहाव्या: पापुद्रे, वाळकी साल, तिखट वास, डोळ्यांत पाणी, खालच्या मुळ्या, आंतला हिरवा कोंब. मग विचारावें, कोणता माणूस कांद्यासारखा? एक मुलगी म्हणेल, ज्याच्या मनांतलें एकदम कळत नाहीं तो. दुसरा मुलगा म्हणेल, जो स्वतः रडत नाहीं आणि इतरांना रडवतो तो. दोन्ही उत्तरें बरोबर आहेत, कारण दोघांनीं कांद्याचे वेगवेगळे गुण उचलले. तुलना करणारा सर्व गुण घेत नाहीं, निवडून घेतो, हा रूपकाचा मुख्य नियम येथें न सांगतां कळतो.

दुसरा प्रयोग वाक्प्रचारांचा. वहीच्या डाव्या पानावर वाक्प्रचाराचें शब्दशः चित्र काढावें, म्हणजे पोटांत खरोखरीचे कावळे, कानाला खरोखरीचा खडा. आणि उजव्या पानावर तो वाक्प्रचार खरा ठरेल असा एक प्रसंग चार ओळींत लिहावा. डाव्या पानावर वर्ग हंसतो, आणि त्या हंसण्यांतच मुख्य अर्थाचा बाध त्याच्या ध्यानांत येतो. तिसरा प्रयोग कोड्यांचा. कोडें म्हणजे उपमेय लपवून ठेवलेलें रूपकच होय. शेंडी असून भटजी नाहीं, तीन डोळे असून शंकर नाहीं, असें म्हणून नारळ ओळखावयास सांगणें, ही रूपक उलगडण्याची सर्वांत जुनी तालीम आहे. मुलांनीं कोडीं सोडवावीं त्यापेक्षां तीं रचावीं. रचतांना कोणता गुण सांगावा आणि कोणता लपवावा, याचा विचार करावाच लागतो.

असल्या खेळांत तास कशाला दवडावा, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर कवितेच्या पलीकडे, रोजच्या जगण्यांत आहे. जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन या दोन अमेरिकन अभ्यासकांनीं १९८० सालीं एक पुस्तक प्रसिद्ध करून असें मांडलें कीं, माणूस नुसता रूपकांत बोलत नाहीं, तो रूपकांत विचार करतो आणि त्याप्रमाणें वागतो. आपण वेळ वाचवतों, खर्च करतों, उधळतों. म्हणजे वेळेला पैसा मानतों, आणि मग रिकामा बसलेला माणूस आपणांस उधळ्या वाटूं लागतो. रूपक एक गुण पुढें आणतें आणि दहा गुण सावलींत ढकलतें. हें ज्याला ठाऊक नाहीं, तो रूपकाला वस्तुस्थिति समजून चालतो.

मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या बोललें गेलेलें एक वाक्य या दृष्टीनें तपासण्याजोगें आहे. मुलगी म्हणजे परक्याचें धन. वाक्य लहान आहे, बोलणाऱ्याच्या मनांत मायाहि असेल. परंतु तेच तीन प्रश्न येथें विचारून पाहावे. अर्थ कोठें अडला? मुलगी माणूस आहे, धन ही वस्तु आहे. कशाशीं जोडला? धन जपून ठेवतात, त्याची राखण करतात, आणि मालक आला कीं तें त्याच्या हवालीं करतात. कशासाठीं म्हटलें? तिच्या शिक्षणावर केलेला खर्च म्हणजे दुसऱ्याच्या शेताला दिलेलें पाणी, हा निष्कर्ष त्या रूपकांतूनच आपोआप निघत आला. तो कोणी निराळा सिद्ध करून दाखविला नाहीं, आणि म्हणून त्याला कोणी सहजासहजीं आव्हानहि दिलें नाहीं. धनाला स्वतःची इच्छा नसते; मुलीला असते. हा एक फरक बोट ठेवून दाखवितां आला कीं, साऱ्या वाक्याचा आधार ढळतो. मुलगा म्हणजे म्हातारपणाची काठी, या वाक्याची परीक्षाहि अशीच घ्यावी. काठीलाहि कोठें जावयाचें तें विचारण्याची रीत नाहीं.

असेंच एक वाक्य शाळांतूनहि ऐकूं येतें. एखाद्या मुलाला ‘दगड’ म्हटलें जातें. रागाच्या भरांत निघालेला शब्द, पण तो रूपक आहे, आणि दगड शिकत नाहीं, वाढत नाहीं, बदलत नाहीं. वर्षभर हा शब्द ऐकणारें मूल त्यांतील गुण एकेक करून स्वतःवर घेऊं लागतें. त्याच मुलाला भिजत घातलेलें बीं म्हटलें, तर आज कांहीं दिसत नाहीं ही वस्तुस्थिति तशीच राहते; मात्र तिचा अर्थ बदलतो, आणि शिक्षकाची वाट पाहण्याची तयारीहि बदलते. अलंकार शिकविणाऱ्यानें स्वतःच्या तोंडच्या रूपकांकडे प्रथम लक्ष द्यावें, तें यासाठीं.

जाहिरातींत, निवडणुकीच्या सभांत, वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत रूपकें अखंड वाहत असतात. माणसांच्या स्थलांतराला लोंढा म्हटलें कीं, बांध घालण्याची गोष्ट लगेच सुचते. साबण मळाशीं लढूं लागला कीं, मळ शत्रु ठरतो. अर्थ कोठें अडला, कशाशीं जोडला आणि कां जोडला, हे प्रश्न बाराव्या वर्षीं कांद्यावर व आभाळावर विचारावयास शिकलेलें मूल विसाव्या वर्षीं ते या भाषेवरहि विचारूं शकेल. परीक्षेंत अलंकाराला दोन-तीनच गुण असतात. त्याचें खरें काम त्यानंतर सुरू होतें.

या कामांत घराचा वांटा शाळेहून कमी नाहीं. आजी-आजोबांच्या बोलण्यांतील म्हणी मुलांनीं एका वहींत टिपून ठेवाव्या. ती म्हण कोणत्या प्रसंगीं उच्चारली, हेंहि सोबत लिहावें, कारण प्रसंगावांचून म्हण म्हणजे डबींतलें बीं. जेवतांना कोणी एखादी नवी तुलना केली तर ‘कां बरें?’ एवढेंच विचारावें आणि उत्तर ऐकून घ्यावें. लहान मूल चंद्राला कापलेलें नख म्हणतें, भिजलेल्या कावळ्याला छत्री म्हणतें; अशा वेळीं चूक दुरुस्त करण्याची घाई करूं नये. चंद्र कोणता आणि नख कोणतें, हें त्याला चांगलें ठाऊक असतें. तें दोन दूरच्या वस्तु जवळ आणून पाहत असतें, आणि घरांतील मोठ्यांना त्या दिसतात कीं नाहीं, याची वाट पाहत असतें.